खातं बदललं अन् चुकारा अडकला? बँक बदलताना या चुका टाळा

नव्या बँकेत खातं उघडलं, सगळीकडे नवा नंबर लिहून दिला, तरी पीएम किसानचे दोन हजार जुन्याच खात्यात पडले. किंवा याच्या उलट: जुनं पासबुक दर महिन्याला छापून आणतो, पण चार महिन्यांत एकही एंट्री नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. खात्यात पैसे येण्याचे रस्ते दोन आहेत आणि बँक बदलताना माणूस त्यातला एकच बदलतो.

पहिला रस्ता खाते क्रमांकाचा. दुधाचं पेमेंट, अडत्या किंवा जिनिंगवाल्याने टाकलेले पैसे, विम्याचा क्लेम, पुण्याला कामाला गेलेल्या पोराने पाठवलेले पाच हजार, हे सगळं खाते क्रमांक आणि आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, पाहून येतं. दुसरा रस्ता आधारचा. पीएम किसान, नमो शेतकरी, लाडकी बहीण, रोजगार हमीची मजुरी, गॅसचं अनुदान, अतिवृष्टीची मदत या रस्त्याने येतात. इथे तुमचा खाते क्रमांक कामाचा नसतो. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पेमेंट व्यवहार चालवणारं महामंडळ, त्याच्या नोंदवहीत, म्हणजे मॅपरमध्ये, तुमच्या आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं. पैसे त्या बँकेकडे जातात आणि तिथल्या कोणत्या खात्यात टाकायचे ते ती बँक पाहते.

‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर समाधान मानणं

सगळ्यात जास्त चकरा याच चुकीमुळे पडतात. आधार लिंक असणं म्हणजे बँकेने तुमच्या खात्यावर आधार नंबर चढवला, बस. असं लिंक चार बँकांत असू शकतं. अनुदानासाठी लागतं ते आधार सीडिंग, म्हणजे मॅपरमधली नोंद, आणि ती एका वेळी एकाच बँकेची राहते. काउंटरवर ‘आधार लिंक आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं, आणि ते खोटंही नसतं. विचारायचं असं: ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयला सीडिंग झालं का?’

अंगठा लावून पैसे निघतात म्हणजे सीडिंग झालं, हाही असाच गैरसमज. ग्राहक सेवा केंद्रावरच्या मशीनला मॅपरशी देणंघेणं नसतं. केंद्रचालक यादीतून बँकेचं नाव निवडतो, आधार त्या बँकेत लिंक असलं की व्यवहार होतो. म्हणून ‘बॅलन्स शून्य आहे, पैसे आलेच नाहीत’ असं केंद्रावर कळलं, तर आधी पाहायचं की त्याने कोणती बँक निवडली. सवयीने जुनीच निवडलेली असते आणि पैसे नव्या बँकेत पडून असतात.

नव्या खात्याचा फॉर्म न वाचता सही करणं

मॅपरमध्ये शेवटचं सीडिंग जिंकतं. नव्या बँकेत संमती दिली की जुन्या बँकेचं नाव निघून जातं, आणि तिथून पुढे आधारवर येणारी प्रत्येक रक्कम नव्या बँकेत. एखादीच योजना वळवायची आणि बाकीच्या जुन्या खात्यात ठेवायच्या, अशी सोय नाही. २०२४ मध्ये लाडकी बहिणीच्या १५०० रुपयांसाठी गावोगावी नवी खाती उघडली गेली. ज्या बाईच्या नावावर गॅस आहे आणि जी रोहयोच्या कामावरही जाते, तिचं अनुदान आणि मजुरी दोन्ही गुपचूप त्याच खात्यात गेली. घरचे मात्र जुनं पासबुक घेऊन रोजगार सेवकाला जाब विचारतात. त्याच्या हातात यातलं काहीच नसतं.

सीडिंगच्या संमती अर्जात तीन पर्याय येतात: पहिल्यांदाच सीडिंग, दुसऱ्या बँकेतून या बँकेत बदल, आणि त्याच बँकेतल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदल. मॅपरमध्ये जुन्या बँकेचं नाव असताना पहिल्या पर्यायावर खूण केली तर अर्ज अडतो. खरोखर बदलायचं असेल तर दुसऱ्या पर्यायावर खूण करून जुन्या बँकेचं नाव लिहा. बदलायचं नसेल तर संमती देऊच नका. खातं त्याशिवायही उघडतं. तिसरा पर्याय लोकांच्या लक्षात येत नाही. एकाच बँकेत जनधन आणि साधं अशी दोन खाती असतील, तर मॅपरमध्ये काही चुकलेलं दिसत नाही, बँकेचं नाव बरोबरच असतं, आणि पैसे मात्र नको त्या खात्यात जातात.

तपासल्याशिवाय हप्त्याची वाट पाहणं

तपासायला पाच मिनिटं लागतात. माय आधारच्या संकेतस्थळावर आधार नंबर टाका, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत जा आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव, सीडिंग चालू आहे की नाही आणि शेवटचा बदल कधी झाला, एवढं दिसतं. खाते क्रमांक शोधत बसू नका. आधारला जोडलेलं सिम बंद पडलं असेल तर ओटीपी येणार नाही. तेव्हा आधी आधार केंद्रावर मोबाइल नंबर बदलून घ्यावा लागतो. सीडिंगचा अर्ज दिल्यावर दोन-चार दिवसांनी हे पान पुन्हा उघडा. हप्ता तोंडावर आला असताना बँक बदलू नका. पैसे पाठवण्याची यादी तयार झाल्यावर खातं बंद सापडलं तर रक्कम शासनाच्या विभागाकडे परत जाते, आणि पुन्हा कधी पाठवायची ते विभाग ठरवतो. पीएम किसानच्या लाभार्थी स्थितीत पैसे परत गेल्याचं कारण दिसतं; तिथली हेल्पलाइन १५५२६१.

कापसाचा चुकारा पोस्टाच्या खात्यात

‘पोस्टाचं खातं’ म्हणजे नेमकं कोणतं, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन उघडतो ते इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं. टपाल कार्यालयातलं जुनं बचत खातं वेगळं. दोघांचे आयएफएससी वेगळे: पेमेंट्स बँकेचा ०००००१ ने संपतो, बचत खात्याचा डीओपी या अक्षरांनी.

पेमेंट्स बँकेच्या खात्यात दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. लाडकी बहिणीच्या दीड हजारात हे कधी जाणवत नाही, कापसात जाणवतं. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आधार जोडलेल्या खात्यात टाकते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल होता. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर २५ क्विंटलचे झाले २,०२,७५०. एका गाडीत मर्यादा ओलांडली. सातबारा ज्याच्या नावावर त्याचंच आधार या बँकेत सीड झालेलं असेल, तर चुकारा परत फिरू शकतो. यावर दोन उपाय. टपाल कार्यालयात बचत खातं काढून ते पेमेंट्स बँकेच्या खात्याला जोडून घ्या, म्हणजे दोन लाखांवरची रक्कम तिकडे वळते. नाहीतर केंद्रावर कापूस नेण्याआधी, आमच्या मते नोंदणी करतानाच, सीडिंग राष्ट्रीयीकृत बँकेत हलवा. गाडी मोजल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

जुनं खातं घाईने बंद करणं

येणारे पैसे वळले, की जाणारे पैसे उरतातच. ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता, एसआयपी, विम्याचा प्रीमियम जुन्या खात्यातून आपोआप कापले जातात, त्याला मँडेट म्हणतात. खातं बंद झालं की मँडेट मेलं, पण कर्ज जिवंत. फायनान्स कंपनी बाउन्सचा दंड लावते आणि सिबिल बिघडतं ते वेगळंच. कंपनीला नवं मँडेट द्या आणि नव्या खात्यातून पहिला हप्ता कापला गेल्याची एंट्री पाहिल्यावरच जुन्याला हात लावा.

कृषी केंद्राला बियाणं-खताच्या उधारीपोटी पुढच्या तारखेचा चेक दिला असेल तर तो आधी परत घ्या. ‘खातं बंद’ या शेऱ्याने परतलेल्या चेकवरही कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, लागतं.

आणि ४३६ व २० रुपये. दर मे महिन्याच्या शेवटी कापले जाणारे हे पैसे म्हणजे जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा, दोन-दोन लाखांचे. खातं बंद केलं की दोन्ही विमे तिथेच संपतात. नव्या बँकेत आपोआप सुरू होत नाहीत, अर्ज द्यावा लागतो. आणि जीवन ज्योतीत नव्याने आलेल्याला पहिले ३० दिवस अपघाती मृत्यू सोडून दुसऱ्या कारणासाठी संरक्षण नसतं. दोन खात्यांतून दोनदा प्रीमियम भरला तरी क्लेम एकच मिळतो.

पीककर्ज थकलं म्हणून जुन्या बँकेने खात्याला होल्ड लावला, म्हणजे पैसे काढणं रोखलं, आणि त्यामुळे खातं बदलायचं असेल, तर पुढचे पैसे नव्या बँकेत येतील. होल्डमध्ये अडकलेली रक्कम मात्र तिथेच राहते. ती सोडवायला शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकाला पाठवा.

न बदलताच बदललेली बँक

काहींनी काहीच केलेलं नसतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. अशा वेळी नवं खातं उघडायची गरज नसते. आधारची नोंद बँकच पुढे नेते, तरी माय आधारवर एकदा पाहून घ्यावं. खाते क्रमांकाच्या रस्त्याने येणाऱ्या पैशांचं मात्र ज्याचं त्यालाच पाहावं लागतं. नवं पासबुक घेऊन त्यावरचा आयएफएससी दूध संस्थेला, अडत्याला, विमा कंपनीला लिहून द्या. हा कोड ११ अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य. तिथे इंग्रजी ओ लिहिला की पेमेंट अडतं.

दुकानावरचा क्यूआर फोनपे किंवा गुगल पेचा असेल तर तो काढून फेकू नका. ॲपमध्ये नवं खातं जोडून तेच मुख्य करा, मग जुन्या स्टिकरवरही पैसे नव्या खात्यात येतात. बँकेने दिलेला क्यूआर मात्र त्याच बँकेच्या खात्याला बांधलेला, तो बदलावाच लागतो. युपीआय लाइटमध्ये, म्हणजे ॲपमधल्या छोट्या पाकिटात, शे-दोनशे पडले असतील तर खातं बंद करण्याआधी परत वळवा.

बँकेने सीडिंगच्या अर्जावर काही केलं नाही तर नुसती तोंडी विचारपूस करत बसू नका. लेखी तक्रार करा, तारखेची पोच सांभाळा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी मार्गदर्शन १४४४८ वर मिळतं. सोबत जुन्या पासबुकाची शेवटच्या एंट्रीची प्रत आणि माय आधारच्या पानाचा तारखेसकट फोटो जोडा.