गोठलेल्या तळ्यावर विंडसर्फिंग: घरच्या घरी आइस बोर्ड कसा करायचा

आधी एक शब्दाचा घोळ मिटवून टाकतो. मराठीत वरून भुरभुर पडतो तोही बर्फ आणि तळ्यावर फरशीसारखा घट्ट बसतो तोही बर्फच, पण या खेळात दोघांचं अजिबात पटत नाही, म्हणून खाली सगळीकडे पडतो तो स्नो आणि गोठतो तो बर्फ असं धरून चला.

मी मूळचा मिरजेचा, बर्फाशी ओळख म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवर पोत्यात गुंडाळलेली लादी, बस. आता विस्कॉन्सिनमधे मॅडिसनला राहतो, इथे शहराच्या दोन बाजूंना मेंडोटा आणि मोनोना अशी दोन मोठी तळी आहेत आणि थंडीत त्यावर शिडाच्या होड्या पळतात, खाली पोलादी ब्लेड लावून. यातली सगळ्यात गाजलेली डीएन नावाची छोटी होडी डेट्रॉइट न्यूज या पेपरने 1937 मधे पुढे आणली, आणि मूळ विचारच हा की सामान्य माणसाला ती आपल्या शेडमधे ठोकून तयार करता यावी. आपला बोर्ड तर त्याहून सोपा. फळी, स्केटबोर्डचे दोन ट्रक (म्हणजे फळीखाली चाकं धरणारे, आसासकटचे वळणारे सांगाडे), चार ब्लेड आणि जुनं विंडसर्फिंगचं शीड. दोन शनिवार-रविवार पुरतात, पण त्यातला दीड शनिवार-रविवार ब्लेडवर जातो हे आधीच सांगून ठेवतो.

फळीचं पटकन उरकू. 18 मिलिमीटरचं बर्च प्लायवूड, लांबी 130 सेंटिमीटर, रुंदी 35. कडा गोल करा, वॉटरप्रूफ वार्निशचे तीन हात द्या, आणि शेवटचा हात ओला असतानाच वर बारीक चाळलेली वाळू भुरभुरा, पायाला पकड मिळते, महागडी ग्रिप टेप लागत नाही. पाय अडकवायचे पट्टे सुरुवातीला लावू नका, पडताना पाय सुटायला हवा.

खाली लाँगबोर्डचे, म्हणजे लांब स्केटबोर्डचे ट्रक, 180 मिलिमीटरवाले, जुने चालतात. ट्रकची गंमत अशी की फळीवर एका बाजूला वजन टाकलं की आस त्या बाजूला वळतो, म्हणजे स्टिअरिंग फुकट मिळालं. फक्त मधलं रबर जरा कडक घ्या, नाहीतर वेगात बोर्ड थरथरायला लागतो आणि तुम्हीपण. सगळे बोल्ट फळीच्या आरपार, खाली मोठा वॉशर आणि लॉक नट. लाकडाचे स्क्रू नकोत, शिडाच्या ओढीने ते बाहेर येतात.

आता ब्लेड. 6 मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पट्टीतून 30 सेंटिमीटरचे चार तुकडे कापा. प्रत्येक ब्लेड मेपलच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कडक लाकडाच्या ठोकळ्यात खाच मारून बोल्टने बसवायचं, आणि ठोकळ्याला आडवं 8 मिलिमीटरचं भोक पाडून तो चाकाच्या जागी आसावर चढवायचा. नट आवळून टाकू नका, ब्लेड पुढेमागे थोडं डुललं पाहिजे, कारण बर्फ लांबून आरसा दिसला तरी जवळून त्याच्यात भेगा, फुगवटे, गोठलेल्या पावलांचे ठसे असं सगळं असतं. पण मोकाट डुललं तरी घात. ब्लेडचं नाक खाली जाऊन भेगेत अडकलं की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. माझं पहिल्याच वर्षी झालंय, तीन आठवडे डावा हात केसांपर्यंत जात नव्हता. त्यानंतर ठोकळ्याच्या पुढच्या टोकाला एक बारीक रबरी दोरी बांधून फळीला अडकवली, नाक कायम किंचित वर राहतं.

धार इंग्रजी व्ही अक्षरासारखी, टोकाला साधारण 90 अंश, कानशीने आणि मग ऑइल स्टोनवर. तळाला हलका बाक द्या, म्हणजे मधला दहा-बारा सेंटिमीटर भाग जवळजवळ सपाट आणि दोन्ही टोकं जराशी उचललेली. पूर्ण सपाट ठेवलं तर वळत नाही, बाक जास्त झाला तर सरळ जात नाही. काचेवर ठेवून बोटाने हलकं दाबून बघा, पाळण्यासारखं डोललं तर कानस घेऊन परत बसा.

आणि चारही ब्लेड समांतर हवेत, इथे मात्र अजिबात आळस नको. आपल्याकडे सुतार सुतात मोजतो, एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आत-बाहेर, इथे पाव सूत फरकही जाणवतो. बोर्ड उलटा ठेवा, पुढच्या डाव्या-उजव्या ब्लेडला एकेक सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवून धरा, एक मीटर पुढे आणि एक मीटर मागे दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर मोजा, दोन मापांत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ठोकळा सोडून परत बसवा. मागच्या जोडीलाही तेच. पहिल्या बोर्डला मी गुण्या लावून "झालं की सरळ" म्हटलं होतं, तर बर्फावर एक ब्लेड सारखं करकरत होतं आणि मागे वळून पाहिलं तर तीन रेषा केसासारख्या बारीक आणि चौथी पांढरीफटक, बोटभर रुंद खरवडलेली. तुमच्या रेषा बघत जा, चूक कुठे आहे ते त्याच सांगतात.

डोलकाठीचं बूड जुन्या विंडसर्फ बोर्डाचंच घ्या, तो सगळीकडे वाकणारा जॉइंट असतो तो. पुढच्या ट्रकच्या थोडं मागे तीन-चार भोकं पाडून ठेवा आणि बर्फावर सरकवून बघत ठरवा, पुढची ब्लेडं घसरत असतील तर बूड पुढे घ्या. शीड लहान. पाण्यावर साडेसहा चौरस मीटरचं वापरत असाल तर इथे साडेचार, कारण एकतर घर्षण नाही, दुसरं म्हणजे उणे 10 ची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 13 टक्के जड असते, तेवढ्याच वाऱ्यात जास्त जोर लागतो. शिडाची पारदर्शक खिडकी थंडीत पापडासारखी तडकते, म्हणून गॅरेजमधे उबेत उलगडून ताणा, तळ्यावर घडी घालत बसू नका.

बोर्ड झाला. आता बर्फ, आणि इथे लोक गंडतात.

नवा पारदर्शक काळसर बर्फ सगळ्यात मजबूत. पांढरा, दुधाळ, स्नो भिजून गोठलेला बर्फ तेवढ्याच जाडीला साधारण निम्मा भार घेतो. नुसतं चालायला चांगला बर्फ किमान 4 इंच लागतो, मी 5 च्या खाली बोर्ड काढतच नाही, कारण आपण एका मिनिटात इतकं अंतर कापतो की मोजलेली जागा कधीच मागे पडलेली असते. बॅटरीवाल्या ड्रिलला लांब लाकडाचा बिट लावायचा आणि चालत जात ठिकठिकाणी भोक पाडून टेप आत सोडायची. याहारा नदी तळ्यात शिरते आणि बाहेर पडते तिथे, पुलाखाली, धक्क्याजवळ पाण्यात बुडबुडे सोडणारी मशीनं असतात तिथे, आणि जमिनीचं टोक तळ्यात घुसलंय त्याच्या आसपास लांब राहा. दोन लाद्या एकमेकींवर चढून जो बांध तयार होतो तोही चालत जाऊन बघितल्याशिवाय ओलांडू नका, त्याच्या बाजूला उघडं पाणी असू शकतं. मासे पकडणाऱ्यांना विचारा, भोकं पाडणं हा त्यांचा रोजचा उद्योग. "मागच्या वर्षी या तारखेला चालत होतं" हे मात्र ऐकू नका, मेंडोटाच्या बर्फाच्या नोंदी 1850 च्या दशकापासून आहेत आणि तेव्हाच्या मानाने आता हंगाम महिनाभर तरी आखडलाय.

अंगावर हेल्मेट, गुडघे-कोपरांचे पॅड, लाइफ जॅकेट, शिट्टी, आणि गळ्यात आइस पिक्स. हे पिक्स घरी होतात, झाडूच्या दांड्याचे दोन बोटभर तुकडे, प्रत्येकात डोकं कापलेला खिळा टोक बाहेर ठेवून ठोकायचा, दोन्ही दोरीने जोडायचे. पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट नुसता श्वास ताब्यात आणायचा, मग हातपाय नीट चालतात अशी दहाएक मिनिटं असतात, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण तास. म्हणजे वेळ असतो, घाबरून तो घालवू नका. ज्या बाजूने आलात तिकडेच तोंड करा, त्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं, पिक्स रोवा, पाय पोहल्यासारखे मारा, वर आलात की उभं न राहता लोळत लांब जा. आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "एवढं माहितीय तर मग जातोस कशाला?" उत्तर नव्हतं. एकट्याने जायचं नाही एवढं मात्र तिला कबूल केलंय आणि पाळतो.

चालवणं पाण्यावरच्यासारखं वाटतं ते पहिले दहा सेकंद. वारा बाजूने घेऊन उभे राहा, एका पायाने ढकला, शीड हळूहळू ओढा. बोर्ड लगेच सुटतो, आणि वेग वाढला की समोरचा वारा इतका वाढतो की शीड जवळजवळ फळीच्या रेषेत ओढून धरावं लागतं, नवखे इथे शीड सैल सोडतात आणि मग वेग का मेला म्हणून विचारतात. वाऱ्याच्या दुप्पट वेग सहज येतो. थांबायचं तर वाऱ्याकडे तोंड वळवा आणि शीड सोडा, ब्रेक नाही. हे थांबणं हळू वाऱ्यात वीस-तीस वेळा घोटा, मगच लांब जा. हार्नेस, म्हणजे कमरेला बांधून शिडाला अडकवायचा पट्टा, पहिल्या हंगामात नको. समोरून दुसरा आला तर ज्याला वारा उजवीकडून लागतोय त्याचा रस्ता आधी. गार वाऱ्याचा हिशोबही ठेवा, उणे 10 ला ताशी 40 किलोमीटरचा वारा त्वचेला उणे 21 सारखा लागतो, गाल पांढरे पडले का ते एकमेकांचे बघायचे.

चार इंच स्नो पडला की ब्लेडवाल्यांचं दुकान बंद. मार्चमधे पुन्हा मोकळा बर्फ दिसेल, जाडी भरपूर असेल, पण ड्रिल केल्यावर त्याच्या उभ्या सुया सुट्या व्हायला लागल्या असतील तर जाडीला काही अर्थ नाही, घरी चला.

घरी आल्यावर ब्लेडं पुसून, बागेतल्या जुन्या पाइपाचे तुकडे उभे चिरून धारेवर चढवा आणि आसाला पातळ मशीनचं तेल द्या. एकदा ते संपलं म्हणून मी खोबरेल घातलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर पोचलो तर चारही ठोकळे पांढऱ्या लोण्यात गच्च बसलेले, एक ब्लेड डुलेना, आणि मोडक्या थर्मासातला गरम चहा त्याच्यावर ओतत बसलो.