परळला घरात पेशंट आणि त्याची माणसं ठेवायची असतील तर

आमची परळची जागा जुन्या इमारतीतली, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली रस्त्याकडची खोली सासूबाईंनी टाटा हॉस्पिटलच्या कॅन्सर पेशंटांना द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्यामागे मी ते चालू ठेवलं. आता आसपासच्या बायका विचारतात, "काकू, आमचीही खोली रिकामी असते, कसं करायचं?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी घरातल्या प्रत्येकाचा होकार घ्या. एकाचं तोंड जरी वाकडं असलं तरी ते पाहुण्याला पहिल्याच संध्याकाळी कळतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवा, पोलीस ठाण्यात माहिती द्या, आधारची प्रत ठेवून घ्या. परदेशी पेशंट असेल तर तो आल्यापासून 24 तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्मवर सरकारला कळवावी लागते, म्हणून नवख्या घरांनी तिथून सुरुवात करू नये.

टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं. आज बिहार, बंगाल, आसामपासून आपल्या मराठवाड्या-विदर्भापर्यंतची माणसं तिथे येतात, आणि जागा न मिळालेली फुटपाथवर पथारी टाकतात. ते बघून जीव तुटतो. तरीही फुटपाथवरून कुणाला परस्पर घरी आणू नका. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन आपली खोली सांगून ठेवा. कुणाची ट्रीटमेंट किती दिवस चालणार, बरोबर कोण आहे, पैशांची काय सोय आहे, हे त्यांना ठाऊक असतं. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली व्यवस्था असते. तिथे नंबर लागेपर्यंतच्या माणसांना आपलं घर उपयोगी पडतं.

खोलीत फार काही लागत नाही. भिंतीला लागून खाट, गादीला रेक्झिनचं कव्हर, दोन जादा चादरी, आणि दाराशी फाइल अडकवायला खिळा. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आणाच, कारण केमोनंतर उकिडवं बसून उठवत नाही. एका वेळी एकच कुटुंब ठेवा. केमो घेतलेल्याच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद उरलेली नसते. घरात कुणाला सर्दी-खोकला झाला तर त्यानं त्या खोलीपासून लांब राहावं.

आता मी ज्याबद्दल आग्रही आहे ते सांगते. जेवण देऊ नका, गॅस द्या. स्वतंत्र शेगडी, चार भांडी, फ्रीजमधला एक कप्पा आणि दाराची किल्ली. मांडीवर ताट घेऊन परक्याच्या घरी रोज जेवणं माणसाला जड जातं, आणि पेशंटला काय गिळवेल हे त्याच्या बायकोला जितकं कळतं तितकं आपल्याला कधीच कळणार नाही. बीडकडचे एक दादा होते, तोंड पूर्ण सोलवटलेलं. पाणीसुद्धा झोंबायचं. माझा मऊ भात त्यांनी नुसता बघितला. वहिनींनी ज्वारीच्या कण्या शिजवल्या, अगदी पेज होईपर्यंत, तिखट नाही, फोडणी नाही. मग पातेलं पाण्यात ठेवून निववलं, कारण वाफेच्या वासानंच दादांना मळमळायचं. स्टीलच्या चमच्यानं लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणायचे, म्हणून मी प्लॅस्टिकचा चमचा दिला. अर्धी वाटी गेली. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः पोटभर जेवल्या.

केमो चालू असेपर्यंत कच्ची कोशिंबीर, रस्त्यावरची कापलेली फळं, उसाचा रस बंद. सगळं नीट शिजवलेलं आणि ताजं. केमोनंतरचे दोन दिवस संडासात दोनदा पाणी टाकायचं आणि उलटी किंवा मळलेले कपडे हातमोजे घालूनच उचलायचे.

थर्मामीटर घरात असायलाच हवा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, टॅक्सी बोलवा आणि फाइल घेऊन थेट कॅज्युअल्टीत जा. क्रोसीन देऊन सकाळची वाट बघायची नाही, गोळीनं ताप झाकला जातो. बरोबरच्या माणसाला हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा. संकोचापायी गावाकडची माणसं आपल्याला उठवत नाहीत.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी, पेशंट झोपला असताना, बरोबरच्या माणसाला हळूच विचारा: "त्यांना काय सांगितलंय?" बऱ्याच घरांत आजाराचं नाव पेशंटपासून लपवलेलं असतं, 'गाठ आहे' एवढंच सांगितलेलं असतं. ते आपल्या तोंडून फुटता कामा नये. कितवी स्टेज, डॉक्टर काय म्हणाले, असं खोदून विचारू नका. कुणाचा काढा, कुणाची जडीबुटी यांची नावंसुद्धा काढू नका. शेजारणी येऊन सांगायला लागल्या तर त्यांना दारातूनच चहा पाजून परत पाठवा.

पैशांचं पहिल्यांदाच स्पष्ट करा. आम्ही भाडं घेत नाही. पण कुणी भाजी निवडायला बसलं, जिना झाडला, तर 'राहू दे' म्हणू नका. काही करायला मिळालं की माणूस मोकळा होतो. औषधांसाठी उसने पैसेही देऊ नका, समाजसेवा विभागात पाठवा. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड लागतं. निघतानाच मूळ कागद आणायला सांगितलं तर गावाची एक खेप वाचते. हॉस्पिटलच्या दारात 'लवकर नंबर लावून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांच्या हातात एक रुपया ठेवू नका हेही सांगा.

खोली किती दिवस अडकेल याचा अंदाज लागतो. रेडिएशन बहुधा आठवड्यातले पाच दिवस असं पाच-सहा आठवडे चालतं. केमो पुष्कळदा तीन आठवड्यांच्या अंतरानं असते आणि मधल्या काळात काहीजण गावी जातात. उपचारासाठीच्या प्रवासात कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत. त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यायचा.

काहींना डॉक्टर घरी न्यायला सांगतात, तेव्हा 'सगळं ठीक होईल' म्हणू नका. गाडीचं तिकीट, वाटेतलं पाणी, दुखण्याच्या गोळ्या, व्हीलचेअर एवढं बघा आणि स्टेशनपर्यंत जा. नंतर आपण होऊन फोन करू नका, ते करतात.

जे बरे होऊन जातात त्यांच्या फॉलोअपच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवा आणि ते दोन दिवस खोली दुसऱ्या कुणाला कबूल करू नका.