सांडपाण्यातील युरेनियम मोजताना आलेली अडचण

सोलापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साठलेले युरेनिल अ‍ॅसिटेटचे (युरेनियमच्या एका क्षाराचे) टाकाऊ द्रावण क्ष-किरण प्रतिदीप्तीने (नमुन्यावर क्ष-किरण टाकून त्यातील मूलद्रव्यांनी परत सोडलेले क्ष-किरण मोजण्याच्या पद्धतीने) मोजताना एकाच बाटलीचे आकडे दर वेळी निराळे येत होते. एप्रिलच्या दुपारी नमुन्याचा कप डोळ्यांसमोर धरला, तेव्हा तळाची मायलर फिल्म (पातळ प्लास्टिकचा पापुद्रा) फुगून खाली आलेली दिसली. म्हणजे क्ष-किरण टिपणाऱ्या डिटेक्टरपासूनचे द्रावणाचे अंतरच बदलत होते. मग आतला दाब निघून जावा म्हणून झाकणाला बारीक छिद्र पाडले, प्रत्येक नमुन्यात तुलनेसाठी यिट्रियम या धातूचे ठरावीक प्रमाण मिसळले आणि युरेनियमच्या १३.६ केईव्ही (क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) रेषेच्या, म्हणजे त्याच्या ठरलेल्या ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या, तीव्रतेला यिट्रियमच्या १४.९६ केईव्ही रेषेच्या तीव्रतेने भागले, कारण ऊर्जा जवळजवळ असल्याने अंतराचा व शोषणाचा परिणाम दोहोंवर साधारण सारखाच होतो. रुबिडियम या मूलद्रव्याची १३.४ केईव्हीची रेषा युरेनियमच्या रेषेच्या अगदी शेजारी असते, त्यामुळे दोन्ही एकमेकींत मिसळू शकतात. ती आधी तपासावीच. आता आकडे जुळतात.