एफ २२चा मोह

मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून किडे टिपायची लेन्स, घेतल्यावर कित्येक महिने मी एकच चूक मन लावून केली. चतुराचा एक डोळा टिपला जायचा, बाकी सगळं धूसर. मग जास्त भाग स्पष्ट यावा म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, आवळत जायचं; एफचा आकडा मोठा तितकं भोक बारीक. एफ ११, एफ १६, शेवटी एफ २२. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसे. घरी मोठा करून पाहिला की डोळ्यातली बारीक जाळी गायब, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं सारखंच पुचाट.

लेन्सला शिव्या घालून झाल्या. चुकला होता माझा हिशेब. १:१ला, म्हणजे किडा सेन्सरवर जेवढ्यास तेवढा उमटतो तेव्हा, लेन्सवरचा अ‍ॅपर्चरचा आकडा प्रत्यक्षात साधारण दुप्पट धरायचा. एफ २२ लावलं की काम एफ ४४चं होतं. इतक्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि एका बिंदूची सुमारे ०.०६ मिलिमीटरची टिकली होते. सेन्सरवरचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक कण, असतो ०.००४च्या आसपास!

बरं, एवढं करून पदरात काय पडतं? फुलफ्रेमवर, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, १:१ला एफ ८ ठेवलं तर जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग फोकसमध्ये येतो, एफ २२ला अडीचच्या जरा वर. चतुराचं नुसतं डोकंच त्याहून जाड.

आता मी एफ ८ ते ११च्या पुढे सहसा जात नाही, त्याऐवजी स्वतः फिरतो. टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक अंगाचा किडा) पंख मिटून बसली असेल तर अगदी बाजूने, सेन्सर तिच्या अंगाला समांतर धरून. डोळा, छाती, शेपूट एकाच पातळीत येतात आणि तोच एक मिलिमीटर पुरतो. समोरून काढायचा असेल तर फक्त डोळा, बाकीचं सोडून द्यायचं. ऑटोफोकस बंद. फोकस रिंगला हात न लावता अंग किंचित पुढे-मागे डोलवत पाच-सहा फोटो घ्यायचे, एक तरी लागतोच. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला की हाताचा थरथराटही गोठतो.

स्टॅकिंगचं, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेले अनेक फोटो जोडून एक करण्याचं, कौतुक फार होतं. पहाटे दवात गारठलेल्या किड्यावर ते जमतंही, पण दोन फोटोंमधलं अंतर डेप्थ ऑफ फील्डपेक्षा, म्हणजे एका फोटोत फोकसमध्ये येणाऱ्या खोलीपेक्षा, कमी हवं, नाहीतर मध्ये धूसर पट्टे राहतात. किड्याने मिशी हलवली तर एकाच्या तीन मिशा.

किड्यांमागे धावण्याआधी एक करा. पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवून, कॅमेरा स्टँडवर लावून प्रत्येक अ‍ॅपर्चरला एक फोटो घ्या. किती रेघा स्पष्ट आहेत ते मोजा आणि मधल्या रेघेची धार पूर्ण मोठी करून पाहा. माझ्या लेन्सवर ती धार एफ ११नंतर बोथट व्हायला लागते.