संघात आहे, पण खेळायला मिळत नाही? तरुण बास्केटबॉलपटूंनो, या चुका टाळा

गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावी खेळणारी आमची पोरं-पोरी दोन-तीन दिवसांची सुट्टी काढून सोलापूरला येतात. नंदीध्वजांची मिरवणूक बघून झाली की संध्याकाळी कोर्टवर चक्कर ठरलेली. कुणी एखाद्या खात्याच्या संघात कराराने लागलेलं असतं, कुणी खेळाडू कोट्यातून नोकरीला, कुणी लीगच्या संघात. आधी मेसचं जेवण, रूममेट, तिकडची थंडी, असं सगळं बोलून होतं. मग बाटलीचं झाकण उगाच उघडझाप करत एखादा म्हणतो, "सर, टीममध्ये हाय, पण खेळवायलेच नाहीत बघा."

ज्या पोरानं इथल्या सिमेंटच्या कोर्टवर मे महिन्याच्या उन्हात तासन्‌तास शॉट मारले, जिल्ह्याच्या सामन्यांत संघ एकट्यानं ओढला, त्याला ट्रॅकसूट घालून टाळ्या वाजवत बसलेला बघणं मला जड जातं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्यातलं पुष्कळ मी स्वतः चुकून शिकलोय.

आधी मिनिटांचा हिशेब मांडा

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमानं सामना ४० मिनिटांचा असतो आणि कोर्टवर एका वेळी पाच जण. म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला एकूण २०० मिनिटं. संघात १२ जण. मुख्य पाच जणांनी प्रत्येकी ३० मिनिटं घेतली की १५० संपली. सहावा आणि सातवा खेळाडू मिळून आणखी ३० घेतात. उरली २०. ही २० मिनिटं उरलेल्या पाच जणांत सारखी वाटली जात नाहीत. सामना अटीतटीचा असेल तर आठवा आणि नववा खेळाडूच ती घेऊन जातो, बाकीचे तिघे बसून राहतात.

पहिली चूक इथेच होते. नवा मुलगा स्वतःची तुलना संघातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूशी करतो. "त्याच्यापेक्षा माझा शॉट चांगला आहे" हे तो मला पटवून देतो, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण त्या खेळाडूची ३० मिनिटं तुला यंदा मिळणारच नाहीत. तुझी स्पर्धा आठव्या माणसाशी आहे. तो आत जाऊन नेमकं काय करतो, हे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. त्यांनी त्याच्याकडे कधी नीट बघितलेलंच नसतं.

एनबीए या अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये कोबी ब्रायंटसारखा खेळाडूसुद्धा १९९६-९७ च्या पहिल्या हंगामात सरासरी साडेपंधरा मिनिटं खेळला, तेही ४८ मिनिटांच्या सामन्यात. तरुणपणी कमी मिनिटं मिळणं हा अपमान नाही, हे आधी मनात पक्कं बसू दे.

गावातला खेळ तिकडे घेऊन जाणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

सोलापुरात असताना चेंडू तुझ्याच हातात असायचा. कुठल्याही अडचणीला एकच उत्तर, तुला पास. संघ बदलला की अशी उत्तरं आधीच दोन-तीन जणांकडे असतात, आणि त्या जागा भरलेल्या असतात. रिकाम्या असतात त्या लहान जागा. समोरच्या चांगल्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूला, पूर्ण कोर्टभर दमवणारा कुणीतरी हवा असतो. कोपऱ्यात उभं राहून मिळालेला मोकळा शॉट न डगमगता मारणारा हवा असतो. प्रत्येक शॉटनंतर अंग लावून बॉक्स आउट करणारा, म्हणजे समोरच्याला परतणाऱ्या चेंडूपासून दूर अडवणारा हवा असतो. आपण नेमक्या कोणत्या जागेसाठी आलोय, हे न कळल्यानं गुणी पोरं वर्षानुवर्षं बेंचवर राहतात.

ॲलेक्स करूसोकडे बघा. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणीच निवडलं नाही. तो ओक्लाहोमा सिटीच्या दुय्यम संघातून खेळला, २०१७ मध्ये लेकर्स या एनबीए संघानं त्याला टू-वे करारावर घेतलं, म्हणजे वेळ पडली तर वर, नाहीतर खाली. आजवरची त्याची सरासरी सामन्याला १० गुणांपेक्षा कमी आहे. तरी २०२० मध्ये लेकर्सबरोबर आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीबरोबर, अशी दोन विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत, आणि दोन्ही वेळा तो सामन्याच्या मोक्याच्या वेळी कोर्टवर होता. बचाव, योग्य जागी उभं राहणं, वेळेवर पास, सुटलेल्या चेंडूवर झेप. हे सगळं आपल्याकडच्या कोणत्याही पोराला शिकता येतं.

मोबाइलवर बघून उचललेल्या चालींबद्दलही सांगायला हवं. एनबीएत बचाव करणारा खेळाडू कुणाला अंगावर न घेता रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. फिबाच्या नियमांत बचाव करणाऱ्यावर असं बंधनच नाही. आपल्याकडचे सामने फिबाच्या नियमानं होतात, म्हणजे समोरचा उंच सेंटर रिंगखाली ठाण मांडून बसतो. तू क्रॉसओव्हर करून, म्हणजे चेंडू झटकन एका हातातून दुसऱ्यात नेऊन, तुझ्या माणसाला सुंदर चकवतोस आणि थेट त्याच्या हातात जाऊन अडकतोस. प्रशिक्षकाला तुझा क्रॉसओव्हर दिसत नाही, शॉटसाठी मिळणारे, वाया गेलेले २४ सेकंद दिसतात. आपल्या नियमांत चालेल तेच आधी घोटून घे: छोटा फ्लोटर (उंच माणसाच्या हातावरून अलगद उचललेला शॉट), आत शिरून कोपऱ्यात पास, चेंडू मिळताच लगेच निर्णय.

तीन मिनिटांत सगळं वसूल करायला जाणं

कॉलेज संपल्यावर एका संघात मी अख्खा महिना बसून काढला होता. एका सामन्यात अचानक हाक आली. धावत गेलो, पहिलाच चेंडू हातात आला आणि तीन पॉइंटच्या रेषेमागून घाईनं शॉट मारला. बोर्डाच्या कडेला लागला. ती चूक भरून काढायची म्हणून बचावात हात टाकला, फाउल. पुढच्या वेळी पुन्हा फाउल. दोन मिनिटांत परत बेंचवर. त्यानंतर पुढचे पाच सामने मला कुणी उठवलं नाही. महिनाभराची भूक मी एका चेंडूवर काढली होती.

आत गेल्यावरची पहिली दोन मिनिटं कशी घालवायची, हे आधीच ठरलेलं असावं. कुणाला अडवायचं ते मोठ्यानं बोलून पक्कं कर. आपल्या संघाचे त्या क्वार्टरमधले फाउल किती झालेत ते फलकावर बघ. चार झाले असतील तर पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलवर समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळणार, तेव्हा हात आवर. पहिल्या चालीत चेंडूची वाट बघू नकोस, एक घट्ट स्क्रीन लाव, म्हणजे आपल्या खेळाडूसाठी समोरच्याची वाट अडवून उभा राहा. मागे पळताना तोंड चेंडूकडे ठेव. शॉट पूर्ण मोकळा मिळाला तर मात्र न कचरता मार, कारण मोकळा शॉट सोडणाऱ्यावरचाही विश्वास उडतो.

प्रशिक्षक तुझ्या तीन मिनिटांत एवढंच बघत असतो की तू आत असताना गुणफरक कुठे सरकला. मुख्य गार्ड पाणी पिऊन परत येईपर्यंत सहा गुणांची आघाडी सहाच राहिली, तरी तुझं काम झालं. तुला पुढच्या सामन्यात पाच मिनिटं द्यायला तो कचरणार नाही.

बेंचवर बसून नुसतं बसणं

तू आत जाशील तेव्हा कुणाच्या जागी जाशील? तो कुणाला अडवतोय? तो समोरचा माणूस उजवीकडून जातो की डावीकडून? समोरच्यांनी पिक अँड रोल केला, म्हणजे स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळले, की आपला संघ स्विच करतोय (आपापली माणसं बदलतोय) की मागून पळून माणूस गाठतोय? बेंचवरून या प्रश्नांची उत्तरं तयार हवीत. एका मुलीला मी छोट्या वहीत हे लिहायला लावलं होतं. पंधरा दिवसांनी तिच्या प्रशिक्षिकेनं टाइमआउटमध्ये आपणहून तिला विचारलं, "त्या अकरा नंबरचं काय दिसतंय तुला?" तेव्हापासून ती रोटेशनमध्ये, म्हणजे आलटून पालटून खेळवल्या जाणाऱ्यांत आली.

अंगाचंही बघायला हवं. सोलापूरच्या कोर्टवर बसल्या जागी घाम येतो, शरीर गरम ठेवायची सवयच आपल्याला लागत नाही. वातानुकूलित हॉलमध्ये अर्धा तास बसलं की पिंढऱ्या आखडतात, आणि पहिल्याच धावेत पाय मागे पडतो. क्वार्टरच्या मधे, मध्यंतराला उठून हालचाल कर. बुटाची नाडी आणि आतली जर्सी कायम तयार. हाक आल्यावर नाडी बांधत बसलेला खेळाडू मी बघितलाय. त्याच्या जागी दुसरा गेला.

सिमेंटवर वाढलेल्यांना लाकडी कोर्टवर थांबायचा अंदाजही बदलावा लागतो. सरावाआधी पंधरा मिनिटं नुसतं धावून थांबण्याचा आणि दिशा बदलण्याचा सराव केला तरी फरक पडतो.

सरांना चुकीचा प्रश्न विचारणं

"मला का खेळवत नाही?" या प्रश्नाला प्रशिक्षकाकडे एकच उत्तर असतं, "मेहनत कर." मग दोघंही नाराज. सामना संपल्या संपल्या तर हा विषय काढूच नये. दुसऱ्या दिवशी सरावाआधी वेळ मागून घे आणि विचार, "सर, येत्या दोन आठवड्यांत मी कोणती एक गोष्ट सुधारली तर दुसऱ्या क्वार्टरमध्ये तुम्ही माझ्यावर भरवसा टाकाल?" मिळालेलं उत्तर लिहून ठेव. दोन आठवड्यांनी परत जा, काय केलं ते दाखव.

घरच्यांनी फोन करू नये. आई-बाबांची तगमग मला कळते, पोरगं दूर आहे, रात्री फोनवर त्याचा आवाज पडलेला असतो. पण वडिलांनी प्रशिक्षकाला किंवा ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला की पोराची जागा आणखी अवघड होते. घरच्यांनी "किती पॉइंट केले?" हेही विचारायचं थांबवावं. "आज काय नवीन कळलं?" असं विचारलं तर पोरगं मोकळं बोलतं.

खालच्या पातळीवर खेळायला लाज वाटणं

जेरेमी लिनला २०१० मध्ये ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये दोन संघांनी त्याला लागोपाठ सोडलं. न्यूयॉर्कनं घेतलं, पण बसवून ठेवलं आणि जानेवारी २०१२ मध्ये खालच्या डी-लीगमध्ये पाठवलं. तिथे त्यानं पहिल्याच सामन्यात ट्रिपल डबल केला, म्हणजे गुण, रिबाउंड, असिस्ट अशा तीन बाबतींत दोन आकडी नोंद. ४ फेब्रुवारीला न्यूयॉर्ककडून बेंचवरून उठून त्यानं २५ गुण केले, आणि पुढचे कित्येक दिवस जगभर त्याचंच नाव होतं. खाली जाऊन खरा सामना खेळायला त्याला लाज वाटली नाही.

आपल्याकडे तशी दुय्यम लीग नाही. म्हणून सुट्टीत घरी आलात की थ्री-बाय-थ्री खेळा. संघात चौघे, त्यातले तिघे आत, एक बाहेर. सामना १० मिनिटांचा किंवा २१ गुणांपर्यंत, शॉट क्लॉक १२ सेकंदांचा. यात कुणालाच लपता येत नाही. बचाव, निर्णय, दमलेल्या पायांनी शॉट, सगळं एका सामन्यात होतं. हंगामात मात्र करारात बाहेर खेळायला परवानगी आहे का ते बघूनच उतरा. करार न वाचता सही करणारी पोरं मला दरवर्षी भेटतात. मुदत, दुखापतीचा खर्च आणि संघ सोडायच्या अटी एवढं तरी कुणा जाणत्याकडून वाचून घ्या.

नेमकं कुठे बिनसलंय?

सरावात उत्तम, सामन्यात नाव नाही, असं असेल तर बहुधा संघाच्या चाली पाठ नाहीत किंवा बचावात बोलणं कमी पडतंय. पहिल्या हाफमध्ये मिनिटं मिळतात, शेवटच्या क्वार्टरमध्ये नाहीत, तेव्हा फ्री थ्रो आणि टर्नओव्हर (हातातून गमावलेले चेंडू) तपासा, कारण शेवटी तेच महाग पडतात. सामना निकालात निघाल्यावरच पाठवत असतील तर ती मिनिटंही गंभीरपणे खेळा. त्या वेळी दिखाऊ पास टाकणाऱ्याची नोंद प्रशिक्षकाच्या मनात कायमची होते. दुखापतीनंतर मिनिटं घटली असतील तर फिजिओला सगळं खरं सांगा. घोट्याचं दुखणं लपवून खेळणाऱ्याचा वेग कमी होतो, आणि कारण ठाऊक नसल्यानं प्रशिक्षक त्याला आळशी समजतो.

कधी कधी तुझी चूक काहीच नसते. तुझ्याच जागेवर तिघे भरलेले असतात, किंवा निवडच ओळखीनं झालेली असते. हे मी नाकारत नाही, आणि त्याचा सल मलाही आहे. पूर्ण हंगाम वरचं सगळं करून बघ. हंगामाअखेर प्रशिक्षकाशी स्पष्ट बोल. तरी दार बंदच असेल तर मुदत संपल्यावर दुसरा संघ शोध. हंगामाच्या मधेच भांडून निघू नकोस. या खेळात आपल्याकडे माणसं मोजकीच आहेत, आणि पुढच्या संघाचा प्रशिक्षक पहिला फोन आधीच्या प्रशिक्षकालाच लावतो.

यंदा गड्ड्याला येणार असाल तर बॅगेत बूट टाका. सकाळी साडेसहाला ऊन चढायच्या आत कोर्टवर भेटू. तिघं जमली तर चौथा मी उभा राहीन. येताना आपल्या संघातला आठवा माणूस आत जाऊन काय काय करतो, ते लिहून आणा.