खराब रंगावर रेडियमची अक्षरं: या चुका टाळा

टेम्पोवरची अक्षरं महिन्याभरात सुटली की गिऱ्हाईक रेडियमवाल्याच्या नावाने खडे फोडतं. भांडण नंतर करा, आधी सुटलेलं अक्षर उलटं करून बघा. गोंदावर रंगाचा पापुद्रा आला असेल तर विनाईलने, म्हणजे अक्षरं कापतात त्या चिकट प्लास्टिकने, काम चोख केलंय, रंगानेच पत्रा सोडलाय. पांढरट भुकटी दिसली तर रंग उन्हाने मेलेला आहे. आणि गोंद स्वच्छ असेल, तर पुसण्यात कसर राहिली.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती आरटीओच्या पासिंगच्या घाईत. तारीख तोंडावर आली की आदल्या दिवशी गाडीला ऑइल पेंट मारतात आणि दुसऱ्या सकाळी ‘नाव टाकून द्या’ म्हणत ती दुकानापुढे उभी. असा रंग हाताला सुकलेला लागतो, पण आत ओलाच असतो. त्यातला थिनर पुढे कित्येक दिवस उडत राहतो. वर विनाईल बसलं की ही वाफ अडकते आणि अक्षराखाली बारीक फोड येतात. सुईने फोडले तरी पुन्हा येतात. हवेवर सुकणाऱ्या इनॅमलला, म्हणजे याच ऑइल पेंटला, दोन-तीन आठवडे द्याच. भट्टीत सुकवलेल्या रंगाला एवढं थांबावं लागत नाही. रंगाजवळ नाक नेल्यावर थिनरचा वास आला तर ते काम त्या दिवशी घेऊ नये. पासिंगला मजकूर हवाच असेल तर तेवढा पेंटरकडून ब्रशने लिहून घ्यायला सांगा. एक गिऱ्हाईक पेंटरकडे गेलं तरी चालेल.

जुन्या रंगाची परीक्षा सोपी आहे. तळहात फिरवून बघा, पांढरा झाला का. मग फाळक्याच्या (टेम्पोच्या उघडणाऱ्या बाजूच्या) कोपऱ्यात चांगली चिकटपट्टी घासून बसवा आणि झटक्यात ओढा. हे मालकासमोरच करावं, म्हणजे पुढचं बोलणं वाचतं. पट्टीबरोबर रंग आला तर त्यावर स्टिकरची पकड वाढवणारा प्रायमर लावून स्टिकर दाबण्यात अर्थ नाही. त्याने पकड वाढते ती स्टिकरची रंगाशी, रंगाची पत्र्याशी नाही. सुटा रंग आणि गंज खरवडून, घासून, पत्र्याचा प्रायमर आणि रंग नव्याने मारणे हाच उपाय. भुकटीवाला रंग मात्र खालून घट्ट असेल तर वॉटर पेपरने घासून वाचतो.

पुसायला रॉकेल नको, मागे तेलकट थर राहतो. थिनरने इनॅमल मऊ पडतं. साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. सिलिकॉनचं पॉलिश मारलेली गाडी असेल तर हे दोनदा करा.

फवारा मारून ओलं चिकटवायची सवय गुळगुळीत, घट्ट रंगावर ठीक आहे. टवके उडालेल्या रंगात तेच पाणी भेगांत शिरतं आणि गंजाला खाद्य मिळतं. तिथे कोरडंच लावा, तेही सावलीत. एप्रिलच्या उन्हात पत्र्याला हात लागत नाही, गोंद टेकताक्षणी धरतो आणि अक्षर सरळ करायला सवड मिळत नाही.

ब्रशने रंगवलेल्या बॉडीवर विनाईल फक्त रेघांच्या उंचवट्यांवर टेकतं, त्यामुळे बारीक भाग आधी उठतात. देवनागरीत पहिला बळी अनुस्वाराचा. ‘पंढरपूर’चं ‘पढरपूर’ झालेले टेम्पो रस्त्यावर दिसतात, कारण त्या एवढ्याशा टिंबाला पकडायला जागाच नसते. टिंब मुद्दाम मोठं करा, उकार-मात्रांची टोकं गोल ठेवा. काही फॉन्टमध्ये शिरोरेषा अक्षरागणिक वेगळी येते. प्लॉटरला (अक्षरं कापणाऱ्या मशीनला) देण्याआधी ती वेल्ड केली नाही, म्हणजे कॉम्प्युटरवर जोडून अखंड केली नाही, तर प्रत्येक जोडावर काप बसतो आणि तिथूनच सोलायला सुरुवात होते. अगदीच खडबडीत गाडी असेल तर सुटी अक्षरं सोडा, गोल कोपऱ्यांच्या एकाच पट्टीवर नाव छापून द्या. स्वस्त विनाईल उन्हात आकसतं, कडांचा गोंद उघडा पडून त्यावर धूळ बसते. कास्ट विनाईल (पातळ, मऊ जातीचं) महाग, पण ब्रशच्या रेघांमध्ये बसतं.

ट्रान्सफर टेप, म्हणजे कापलेली अक्षरं उचलून गाडीवर बसवायची चिकट पट्टी, काढताना पत्र्याला समांतर दुमडून सावकाश ओढा. ती अक्षरांबाहेरच्या रंगालाही चिकटलेली असते, आणि पुष्कळदा खरा टवका तीच काढते.

गाडी एक-दोन दिवस धुवायची नाही, नंतरही प्रेशरचा पाइप 30 सेंमीच्या आत आणायचा नाही, हे ड्रायव्हरला सांगा. आणि पुढे कधी नाव बदलताना जुन्या अक्षरांबरोबर रंग निघू शकतो, हे मालकाला आत्ताच बिलावर लिहून द्या.