पियानो शिकायला सुरुवात करताय? आधी या चुका टाळा

नवीन विद्यार्थी पहिल्यांदा येऊन बसला की मी त्याला काही वाजवायला सांगत नाही. फक्त हात पट्ट्यांवर ठेवायला सांगते आणि अंगठा कुठे जातो ते बघते. अंगठा पट्टीच्या कडेबाहेर लोंबकळत असेल, तर बहुतेक वेळा तो विद्यार्थी स्क्रीनवरचे व्हिडिओ बघून शिकलेला असतो.

त्या व्हिडिओंमध्ये वरून रंगीत ठोकळे पडतात आणि खाली जी पट्टी उजळते ती दाबायची असते. पहिल्याच आठवड्यात ओळखीची धून वाजते, म्हणून लोकांना वाटतं आपण शिकलो. प्रत्यक्षात पाठ होतो तो फक्त पट्ट्यांचा क्रम. कोणतं बोट, किती जोर, मनगट किती सैल, हे सगळं राहून जातं. व्हिडिओने बोटांचे आकडे (अंगठा 1, करंगळी 5) दाखवले तरी तुमचा हात त्याला दिसत नाही.

माझ्याकडे कॉलेजातला एक मुलगा आठ महिने असं शिकून आला होता. बेथोव्हेनच्या 'फ्युर एलिझे'चा सुरुवातीचा भाग तो भराभर वाजवायचा. मी मध्येच थांबवलं आणि म्हटलं, "आता इथूनच पुढे वाजव." जमेना. दर वेळी पार पहिल्या स्वरापासून सुरुवात. मग मी त्याची बोटं पाहिली. त्या धूनमध्ये आधी ई आणि डी शार्प (डीच्या लगेच उजवीकडची काळी पट्टी) हे स्वर आलटून पालटून येतात. ते करंगळीने आणि अनामिकेने, म्हणजे 5 आणि 4 नंबरच्या बोटांनी वाजवले, की पुढचे बी, डी, सी, ए हे 2, 4, 3, 1 या बोटांखाली आधीच तयार असतात. हात जागचा हलवावाच लागत नाही. हा मुलगा मधलं बोट आणि तर्जनी वापरायचा, अंगठा वापरायचाच नाही, आणि बी गाठायला अख्खा हात उचलून डावीकडे फेकायचा. सुरुवातीला ते खपून गेलं. पुढे एफ मेजरचा, म्हणजे एफ हा आधारस्वर असलेला भाग येतो, उजव्या हाताला पळावं लागतं, आणि तिथे गाडी अडली.

"मॅडम, तेवढं तसंच राहू द्या ना, पुढचं शिकवा," तो म्हणाला. मी नाही म्हटलं. ते पान पाच महिने बंद ठेवलं आणि सी ते जी या पाच स्वरांवर बसलो. त्याचं लक्ष जरा हललं की अंगठा पुन्हा खाली घसरायचा. बसलेली सवय मोडायला कोऱ्या हाताला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घाई केल्याने वेळ वाचतो हे मला कधीच पटलेलं नाही.

ॲप वापरायचंच असेल तर नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर, वाचायच्या सरावाला वापरा. पण पहिले तीन महिने तरी तुमचा हात बघणारा माणूस हवा. ऑनलाइन शिकत असाल तर कॅमेरा चेहऱ्यासमोर नको, बाजूला ठेवा, पट्ट्या आणि मनगट दिसेल असा. शिक्षक मिळतच नसेल तर स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि आवाज बंद करून बघा. आवाज चालू असला की लक्ष चुकीच्या स्वरांकडे जातं, हाताकडे जात नाही.

दुसरी चूक वाद्य निवडताना होते. सगळे विचारतात, 61 पट्ट्या घेऊ की 88? त्याआधी विचारा, पट्टीला वजन आहे का, म्हणजे दाबताना बोटाला भार जाणवतो का, आणि दाब कमी-जास्त केला की आवाज बदलतो का? साधारण 1700 च्या सुमारास इटलीत क्रिस्तोफोरीने हे वाद्य बनवलं, ते पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळेल असं. हळू दाबलं तर आवाज मंद, जोरात दाबलं तर मोठा. नावातलं 'पियानो' म्हणजे मंद. मूळ नावात त्याच्या जोडीला 'फोर्ते', म्हणजे मोठा, हेही होतं. ज्या कीबोर्डवर कसंही दाबलं तरी आवाज तेवढाच येतो, त्यावर तुम्ही पियानोतली मुख्य गोष्टच शिकत नाही. पट्ट्या कमी असल्या तरी पहिलं वर्ष निघतं. हलक्या पट्ट्यांवर वर्षभर घालवलेली बोटं मात्र खऱ्या पियानोवर पहिल्याच पानाला दमतात. निवडताना एकच पट्टी इतकी हळू दाबून बघा की स्वर जेमतेम उमटेल. मग तीच जोरात. फरक ऐकू आला नाही तर ते वाद्य घेऊ नका.

वर्षानुवर्षं बंद पडलेला जुना पियानो 'आत्ता शिकण्यापुरता' घेणार असाल, तर आधी ट्यूनरला, म्हणजे पियानोचे सूर लावणाऱ्या कारागिराला दाखवा. त्यात दोनशेहून जास्त तारा असतात, आणि खुंट्या सैल झाल्या असतील तर सूर टिकत नाही. बेसूर वाद्यावर कान बिघडतो.

पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावू नका. दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी, एवढं पुरतं.

कीबोर्ड पलंगावर ठेवून वाजवू नका. कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं पाहिजे.

पहिले काही महिने स्वर लांबवणाऱ्या पेडलवरून पाय काढा. पेडलखाली सगळ्या चुका लपतात.

रोज वीस मिनिटं बसा. सुट्टीच्या दिवशी एकदम तीन तास बसणारे विद्यार्थी दर आठवड्याला मागच्याच जागी आलेले मी पाहिलेत.

आणि दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरुवात करू नका. त्यामुळे पहिली ओळ शंभरदा होते आणि शेवटची पाचदा. मी उलटं करते: शेवटची दोन मापं (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा म्हणजे एक माप) आधी, मग त्यांच्या आधीची दोन जोडून, असं मागे मागे येत. त्या मुलाने एफ मेजरचा भाग अखेर असाच बसवला, मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून, शेवटाकडून.